रक्त गाळून आतड्याची सूज कशी उतरते?

प्रश्न थोडक्यात असा आहे. बहिणीला तीन वर्षांपासून अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज आणि व्रण येण्याचं दुखणं, आहे. मेसालामिन हे त्यावरचं नेहमीचं औषध पुरेनासं झालं. स्टिरॉइडने आराम पडतो, पण गोळी १५ मिलिग्रॅमच्या खाली आणली की पुन्हा रक्त आणि आव सुरू. आता डॉक्टरांनी रक्त शरीराबाहेर काढून, गाळून परत सोडण्याचा उपचार सुचवला आहे. दुखणं आतड्यात असताना रक्त कशाला गाळायचं? पांढऱ्या पेशी काढून टाकल्या तर प्रतिकारशक्तीचं काय? आणि हे डायलिसिससारखं जन्मभर मागे लागतं का?

मी पोटविकारांचा डॉक्टर आहे. हा उपचार मी बरीच वर्षं करतो आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो: नाही, जन्मभर लागत नाही. आठवड्याला एक याप्रमाणे पाच बैठका हा मूळ क्रम. गरज पडली तर दहापर्यंत नेतात, आणि काही ठिकाणी आठवड्याला दोन करून लवकर संपवतात. पुढे कधी दुखणं उलटलं तर हाच क्रम पुन्हा करता येतो.

‘रक्त गाळणं’ हा शब्द सोयीचा आहे, मीही रुग्णांशी बोलताना तोच वापरतो, पण तो फसवा आहे. तो ऐकला की डोळ्यांसमोर चहाची गाळणी येते आणि रक्तात काहीतरी घाण साचली आहे, ती काढून टाकली की माणूस बरा, असं वाटायला लागतं. कोलायटिसच्या रक्तात अशी कुठली घाण नसते. डायलिसिसमध्ये युरियासारखे बारीक रेणू पडद्यातून पलीकडे जातात. प्लाझ्मा बदलताना रक्तातला पातळ भाग टाकून देतात. इथे दोन्ही होत नाही. इथे फक्त ठरावीक जातीच्या पांढऱ्या पेशी एका नळकांड्यात अडकतात आणि बाकीचं रक्त जसंच्या तसं परत जातं. याचं नाव ग्रॅन्युलोसाइट-मोनोसाइट अ‍ॅफेरेसिस, सगळे जीएमए म्हणतात.

आता आतड्याचं दुखणं आणि रक्ताचा संबंध. कोलायटिसमध्ये मोठ्या आतड्याच्या अस्तरात जी दंगल चालू असते, तिच्यातले बरेचसे दंगेखोर तिथले रहिवासी नसतात. ते बाहेरून येतात आणि येण्याचा रस्ता एकच, रक्त. यात आघाडीवर असतात न्यूट्रोफिल. ग्रॅन्युलोसाइट गटातली ही सगळ्यात मोठी फौज. जन्म अस्थिमज्जेत, मग रक्तात काही तासांचा प्रवास, आणि जिथून हाक येईल तिथे शिरेच्या आतल्या भिंतीला चिकटून, भिंतीतून वाट काढून ऊतींमध्ये प्रवेश. सुजलेलं आतडं इंटरल्यूकिन-८ सारखी रसायनं सोडून सतत हाका मारत असतं. मग न्यूट्रोफिल अस्तराच्या बारीक खळग्यांत घुसतात, तिथे साचतात, मरतात. बायॉप्सीच्या रिपोर्टमध्ये ‘क्रिप्ट अ‍ॅब्सेस’ असं लिहिलेलं असतं ना, ते हेच. शौचात जी आव पडते त्यातही मेलेल्या न्यूट्रोफिलांचा मोठा वाटा असतो. आणि तुमची बहीण विष्ठेतल्या कॅलप्रोटेक्टिनची जी तपासणी वारंवार करत असेल, ते कॅलप्रोटेक्टिन म्हणजे प्रामुख्याने न्यूट्रोफिलांच्या पोटातलंच प्रथिन. थोडक्यात ती तपासणी म्हणजे रक्तातून किती न्यूट्रोफिल आतड्यात येऊन मेले, याची मोजदाद.

ही नुसती कल्पना नाही. रुग्णाच्या स्वतःच्या पांढऱ्या पेशींना किरणोत्सारी खूण लावून त्या परत रक्तात सोडल्या, तर काही तासांत कॅमेऱ्यावर त्या सुजलेल्या आतड्याच्या पट्ट्यात गोळा झालेल्या दिसतात. पुढे तीच खूण विष्ठेतही मोजता येते.

दुसरी पेशी मोनोसाइट. ही रक्तातून ऊतीत गेली की तिची मॅक्रोफेज होते. निरोगी आतड्यातले मॅक्रोफेज शांत स्वभावाचे असतात. शेजारी अब्जावधी जिवाणू नांदत असताना त्यांना तसं राहावंच लागतं. पण सुजेच्या काळात रक्तातून नवे मोनोसाइट येतात, त्यांना ते शिष्टाचार ठाऊक नसतात. ते टीएनएफ आणि तत्सम रसायनं ओततात आणि सूज पेटती ठेवतात. इन्फ्लिक्सिमॅबसारखी इंजेक्शनं हे टीएनएफ पकडतात. जीएमए एक पाऊल मागे जातं आणि ते बनवणाऱ्या पेशीलाच वाटेत गाठतं. आतड्यात विस्तव, पण सरपण रक्तातून येतं, म्हणून हात रक्ताला घालायचा.

इथे एक गंमत सांगतो. स्टिरॉइड सूज उतरवतं, पण न्यूट्रोफिलांचं आयुष्य मात्र वाढवतं, आणि शिरांच्या कडेला चिकटून बसलेले न्यूट्रोफिल प्रवाहात आणतं. स्टिरॉइड सुरू असलेल्या रुग्णाच्या रक्तात पांढऱ्या पेशी वाढलेल्या दिसतात आणि घरचे घाबरून ‘इन्फेक्शन झालं का’ म्हणून विचारतात, त्यामागे बहुतेकदा एवढंच असतं.

आता ते नळकांडं. सर्वांत जास्त वापरला जाणारा कॉलम जपानी आहे, अ‍ॅडाकॉलम नावाचा. आकारमान सुमारे ३३५ मिलिलिटर, म्हणजे पाण्याच्या लहान बाटलीएवढा. आत सलाइनमध्ये बुडालेले सेल्युलोज अ‍ॅसिटेटचे सुमारे ३५,००० मणी, प्रत्येक २ मिलिमीटर व्यासाचा. एका हाताच्या शिरेतून रक्त निघतं, मिनिटाला ३० मिलिलिटर या वेगाने मण्यांमधून जातं आणि दुसऱ्या हाताच्या शिरेतून परत येतं. एक तास. म्हणजे एकूण १.८ लिटर रक्त मण्यांवरून फिरतं. मोठ्या माणसाच्या अंगात पाच लिटरच्या आसपास रक्त असतं, त्याचा हा साधारण तिसरा हिस्सा.

आता विचार करा. २ मिलिमीटरच्या मण्यांमधल्या फटी केवढ्या आणि पांढरी पेशी केवढी? पेशी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढी. तिच्या दृष्टीने त्या फटी म्हणजे वेशीचे उघडे दरवाजे. म्हणजे इथे चाळणीचं तत्त्व मुळी चालतच नाही. पेशी आकारामुळे अडकत नाही. ती आपणहून चिकटते.

का चिकटते, हा या उपचारातला मला सगळ्यात आवडणारा भाग. रक्त मण्याला लागलं की पहिल्यांदा रक्तातली प्रथिनं मण्यावर बसतात: आयजीजी जातीची प्रतिपिंडं, प्रतिपिंडांचे गुंते, आणि कॉम्प्लिमेंट नावाच्या प्रथिनसाखळीतले सी३ चे तुकडे. शरीर एखाद्या जिवाणूवर ‘हा परका, याला खा’ असा शिक्का मारतं तेव्हा हीच प्रथिनं वापरतं. न्यूट्रोफिल आणि मोनोसाइट यांच्या अंगावर हा शिक्का ओळखणारे हात असतात, एफसी रिसेप्टर आणि कॉम्प्लिमेंट रिसेप्टर. शिक्का दिसला की ते पकडतात आणि गिळायला बघतात. पण समोर जिवाणू नाही, स्वतःपेक्षा दीडशे-दोनशे पट मोठा मणी आहे. मुंगीने भोपळा गिळायला जावं तसा प्रकार. गिळता येत नाही, सोडवत नाही, पेशी तिथेच पसरून चिकटून राहते. लिम्फोसाइट ही पांढऱ्या पेशींची आणखी एक जात. त्यांतल्या बहुतेकांकडे हे हात नसल्यामुळे ते बाजूने निघून जातात. कॉलममधून जाणाऱ्या रक्तातले साधारण ६५ टक्के ग्रॅन्युलोसाइट आणि ५५ टक्के मोनोसाइट अडकतात, लिम्फोसाइट मात्र जेमतेम २ टक्के. तांबड्या पेशींना या सगळ्याशी देणंघेणं नसतं.

तुमची प्रतिकारशक्तीची शंका इथेच सुटू लागते. जुने आजार, घेतलेल्या लसी यांची आठवण लिम्फोसाइटांकडे असते आणि त्यांना जवळपास हातच लागत नाही. पण न्यूट्रोफिल तर गेले ना? मग हिशेबच करू. समजा रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये ५,००० ग्रॅन्युलोसाइट आहेत. १.८ लिटरमध्ये झाले ९०० कोटी. त्यातले ६५ टक्के म्हणजे सुमारे ६०० कोटी एका बैठकीत गेले. आकडा ऐकून छाती दडपते. पण मोठ्या माणसाची अस्थिमज्जा रोज १०,००० कोटींच्या घरात न्यूट्रोफिल तयार करते. म्हणजे तासाभराच्या बैठकीत जे गेलं ते मज्जा दीड तासात भरून काढते. प्रत्यक्षातही बैठक सुरू झाल्यावर थोडा वेळ आकडा खाली जातो आणि मग पूर्ववत होतो, कधी आधीपेक्षा वर जातो.

पण हा हिशेब दुसऱ्या बाजूनेही चावतो. दीड तासाचं उत्पादन काढून घेतल्याने आठवडाभर सूज उतरावी कशी? हा प्रश्न ज्याला पडत नाही त्याने या उपचारावर बोलू नये असं माझं मत आहे. निव्वळ संख्येच्या जोरावर हा उपचार चालूच शकत नाही. म्हणूनच मला ‘गाळणं’ हा शब्द खटकतो. अडकलेल्या पेशींपेक्षा परत गेलेल्या रक्तात काय बदललं, ते पाहायला हवं.

आणि तिथे बरंच काही बदललेलं सापडतं. मण्यांना घासून परत निघालेल्या न्यूट्रोफिलांच्या अंगावरचं एल-सिलेक्टिन गळून पडलेलं असतं. शिरेच्या भिंतीला पहिल्यांदा टेकायला, तिच्यावरून लोळत जायला पेशीला ते लागतं. ते नसलं की आतड्याच्या दारापर्यंत जाऊनही आत शिरणं अवघड. मण्यांना चिकटलेल्या पेशीही गप्प बसत नाहीत. इंटरल्यूकिन-१ ची जागा अडवणारं प्रथिन, टीएनएफला धरून ठेवणारे सुटे रिसेप्टर, अशी सूज उतरवणारी रसायनं त्या सोडतात आणि ती रक्ताबरोबर परत अंगात जातात. मोनोसाइटांमध्ये सीडी१४ आणि सीडी१६ अशा दोन्ही खुणा असलेला एक चिडका गट असतो. टीएनएफ बनवण्यात तो पुढे असतो आणि कॉलमवर नेमका तो जास्त अडकतो. जागा रिकामी झाली म्हणून मज्जेतून नवे, कोवळे न्यूट्रोफिल बाहेर पडतात. ते जुन्यांइतके तापट नसतात. काही अभ्यासांत सूज आवरणाऱ्या नियामक टी पेशींचं प्रमाण वाढलेलंही दिसलं आहे.

यातला मुख्य धागा कोणता यावर तज्ज्ञांत एकमत नाही. माझा कल पहिल्या दोन गोष्टींकडे आहे, पण तो कल आहे, सिद्धान्त नव्हे. एक जुनी तुलना मात्र बोलकी आहे. पॉलिएस्टरच्या धाग्यांचा फिल्टर वापरूनही हा उपचार केला गेला, त्याला ल्यूकोसाइटअ‍ॅफेरेसिस म्हणायचे. त्यात न्यूट्रोफिल आणि मोनोसाइट जवळजवळ सगळे अडकायचे, शिवाय लिम्फोसाइटांचा मोठा वाटा आणि प्लेटलेटही. खऱ्या अर्थाने गाळणी तीच होती. तरी तिचा फायदा मण्यांच्या कॉलमपेक्षा ठळकपणे सरस ठरला असं झालं नाही. जास्त गाळलं म्हणजे जास्त बरं, असं गणित नाही हे.

आता पुरावा. इथे मला तुम्हाला खूशही करायचं नाही आणि निराशही. जपानमध्ये या कॉलमला १९९९ मध्ये अल्सरेटिव्ह कोलायटिससाठी मंजुरी मिळाली. तेव्हापासून तिथे तो नेहमीच्या उपचारांत गणला जातो. तिथल्या एका अभ्यासात १६३ रुग्णांमध्ये आठवड्याला एक आणि आठवड्याला दोन अशा बैठकांची तुलना झाली. आठवड्याला एक बैठक घेणाऱ्यांपैकी ५४ टक्के आणि दोन घेणाऱ्यांपैकी ७१ टक्के लोक रेमिशनमध्ये, म्हणजे दुखणं शांत झालेल्या अवस्थेत, गेले. तिथवर पोचायला पहिल्या गटाला सरासरी २८ दिवस लागले, दुसऱ्याला १५. आकडे छान आहेत, पण दोन्ही गटांना उपचार मिळाला होता हे विसरू नका. उपचार न मिळालेला गट त्यात नव्हताच.

खरी कसोटी लागली ती २००८ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत. तीत खोटा उपचार ठेवला होता. सुया, नळ्या, पंप, तासभर पडून राहणं, सगळं तेच, फक्त मण्यांचा फायदा नाही, आणि रुग्णाला आपण कुठल्या गटात आहोत ते कळू द्यायचं नाही. निकाल: खऱ्या उपचाराने १७ टक्के रेमिशनमध्ये, खोट्याने ११ टक्के. सुधारणा ४४ विरुद्ध ३९ टक्के. हा फरक योगायोगानेही पडू शकतो एवढाच. क्रोन्स या आतड्याच्या सुजेच्या दुसऱ्या आजाराच्या रुग्णांवरच्या तशाच चाचणीचे निकाल २०१३ मध्ये आले आणि तिथे तर दोन्ही गट जवळपास सारखे निघाले, १८ आणि १९ टक्के. अमेरिकेत या उपचाराला मंजुरी मिळाली नाही ती यामुळेच. जपान आणि युरोपच्या काही भागांत तो चालू आहे, इतर ठिकाणचे डॉक्टर खांदे उडवतात, आणि दोघांकडेही दाखवायला कागद आहेत.

मग मी तो का करतो? कारण त्या २००८ च्या चाचणीतल्या रुग्णांच्या बायॉप्सी नंतर पुन्हा पाहिल्या गेल्या. ज्यांच्या अस्तरावर सूक्ष्मदर्शकाखाली खरोखर झिज किंवा व्रण होते, त्यांना खोट्या उपचारापेक्षा खरा उपचार स्पष्टपणे लागू पडला होता. लक्षणांवरून ‘सूज असेल’ असं धरून घेतलेले रुग्ण चाचणीत आले की निकाल पातळ होतो. मागाहून केलेल्या अशा चिरफाडीला पूर्ण पुरावा म्हणता येत नाही, हे मला मान्य आहे. पण ती वर सांगितलेल्या तर्काशी जुळते: न्यूट्रोफिल येऊन थडकतच नसतील तर त्यांना वाटेत अडवून उपयोग काय?

तुमच्या बहिणीसारख्या, स्टिरॉइड न सुटणाऱ्या रुग्णांवर स्पेनमधून एक अभ्यास झाला, २०१८ चा. अर्ध्यांना नुसतं प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड, अर्ध्यांना त्याबरोबर जीएमए. २४ आठवड्यांनी स्टिरॉइडशिवाय रेमिशनमध्ये होते ७ टक्के आणि १३ टक्के. फरक सिद्ध झाला नाही, आणि दोन्ही आकडे लहानच आहेत. फक्त जीएमए घेतलेल्यांना स्टिरॉइडचे दुष्परिणाम कमी झाले. हे मी मुद्दाम सांगतो, कारण या उपचाराची माहिती देताना बहुतेक जण फक्त चांगले आकडे सांगतात. तुमच्या डॉक्टरांनी ‘नक्की स्टिरॉइड सुटेल’ असं आश्वासन दिलं असेल तर त्यातून थोडं वजा करून ऐका.

कोणाला लागू पडतो, याबद्दल अभ्यास आणि अनुभव बऱ्यापैकी जुळतात. दुखणं नवं असेल, ते पहिल्या-दुसऱ्यांदा उलटलं तेव्हाच उपचार सुरू झाला असेल, स्टिरॉइड फार खाल्लेलं नसेल, कॉलोनोस्कोपीत सूज आहे पण अस्तर शाबूत आहे, अशा लोकांना. उलट खोल, लांबरुंद व्रण पडले असतील आणि मधे अस्तराची बेटंच उरली असतील तर मी त्या वाटेला जात नाही. तिथे वेळ दवडणं धोक्याचं असतं. दिवसाला दहा-बारा वेळा रक्त, ताप, नाडी जलद, अशी तीव्र अवस्था असेल तर ती व्यक्ती रुग्णालयात दाखल हवी आणि शस्त्रक्रियेचा डॉक्टर हाकेच्या अंतरावर हवा. आठवड्याला एक बैठक हा तिचा इलाज नव्हे.

जीएमएची खरी जागा मला दिसते ती जिथे बाकीच्या औषधांची भीती वाटते तिथे. वय झालेले रुग्ण, पूर्वी क्षयरोग झालेले, कर्करोगातून उठलेले, गरोदर बायका, किंवा आतड्यात सायटोमेगालोव्हायरस सापडलेला आहे आणि प्रतिकारशक्ती दाबणारं औषध वाढवायला हात धजत नाही असे. इथे या उपचाराची मवाळ बाजूच त्याची ताकद ठरते. बायोलॉजिकचा, म्हणजे इन्फ्लिक्सिमॅबसारख्या औषधाचा, परिणाम ओसरू लागला आहे आणि ते बदलायचं नाही, अशा वेळी जोडीला काही बैठका देण्याचीही पद्धत आहे.

त्रास काय होतो? डोकेदुखी सगळ्यात जास्त दिसते, ती बहुधा त्याच दिवशी जाते. चक्कर, मळमळ, चेहरा लाल होणं, अंगात कणकण, सुईच्या जागी काळंनिळं. गंभीर त्रास विरळा. नळ्यांत रक्त गोठू नये म्हणून हेपारिन देतात. कोलायटिसमध्ये आधीच रक्त पडत असतं, म्हणून घरच्यांना याचीच जास्त काळजी वाटते. तासाभरापुरत्या बेताच्या मात्रेने रक्तस्राव वाढलेला क्वचितच दिसतो. पण हेपारिनची अ‍ॅलर्जी किंवा त्याने पूर्वी प्लेटलेट घसरल्याचा इतिहास असेल तर ते आधी सांगायलाच हवं. ग्रॅन्युलोसाइट २,००० च्या खाली असतील किंवा अंगात मोठा जंतुसंसर्ग असेल तर हा उपचार करत नाहीत. हृदय किंवा मूत्रपिंड फार कमकुवत असेल तरी टाळतात. हिमोग्लोबिन ८ च्या खाली गेलं असेल तर आधी ते वर आणावं, कारण बैठक चालू असताना दोन-अडीचशे मिलिलिटर रक्त सतत नळ्यांत आणि कॉलममध्ये असतं. याच कारणाने लहान मुलांमध्ये वेग आणि प्रमाण वेगळं ठरवावं लागतं. धाग्यांच्या फिल्टरचा उपचार असेल तर रक्तदाबाच्या एसीई इनहिबिटर गोळ्या चालत नाहीत, दाब अचानक कोसळू शकतो. म्हणून चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी बरोबर न्या.

उपचार बिनसतो तो बहुतेकदा शिरांमुळे. महिनोन्‌महिने सलाइन आणि रक्ततपासण्या झालेल्या हातांत जाड सुई बसेल अशी शीर मिळणं हेच पहिलं दिव्य. रक्त काढणारी शीर नीट भरून वाहिली नाही की पंप सारखा थांबतो, कॉलममध्ये रक्त गोठायला लागतं आणि बैठक अर्ध्यावर सोडावी लागते. आपल्या एखाद्या रुग्णाला ‘गुण आला नाही’ असं म्हणण्याआधी मी आता पहिल्यांदा नर्सच्या नोंदी बघतो: किती बैठका खरोखर पूर्ण साठ मिनिटं चालल्या? एकदा असं निघालं की पाचपैकी तीन बैठका वीस-पंचवीस मिनिटांतच थांबल्या होत्या. तो उपचार झालाच नव्हता म्हणायचा. म्हणून बहिणीला आत्तापासून सांगा, कोपराच्या पुढच्या ठळक शिरा राखून ठेवायच्या, रोजच्या तपासणीचं रक्त मनगटाच्या मागून द्यायचं. आदल्या दिवसापासून पाणी भरपूर, म्हणजे शिरा भरलेल्या राहतात आणि चक्करही येत नाही.

सुरू करण्याआधी दोन गोष्टी डॉक्टरांना विचारा. अलीकडची कॉलोनोस्कोपी किंवा निदान सिग्मॉइडोस्कोपी बायॉप्सीसह झाली आहे का? सहा महिन्यांपूर्वीच्या रिपोर्टवर हा निर्णय घेऊ नये. आणि पाच बैठकांनंतर काय पाहून ठरवणार, पुढे जायचं की थांबायचं? मी सुरुवातीचं कॅलप्रोटेक्टिन, रक्त पडण्याच्या वेळा आणि स्टिरॉइडची मात्रा लिहून ठेवतो. तिन्हींपैकी एकही हललं नाही तर सहावी बैठक देत नाही, बायोलॉजिक किंवा दुसऱ्या औषधाचा विषय काढतो. आणि एक: बैठका सुरू झाल्या म्हणून स्टिरॉइड स्वतःच्या मनाने बंद करू नका. ते ठरवून, आठवड्याआड पायरीपायरीने उतरवायचं असतं. महिनोन्‌महिने बाहेरून स्टिरॉइड मिळालं की अ‍ॅड्रिनल ग्रंथी सुस्तावतात, त्यांना जागं व्हायला वेळ द्यावा लागतो.

राहता राहिली ती भीती, जी रुग्ण तोंडाने बोलत नाहीत. दोन्ही हातांत सुया, तासभर हलायचं नाही, आणि मध्येच शौचाची घाई झाली तर? कोलायटिसच्या माणसाला सुईपेक्षा याचीच धास्ती जास्त असते. बैठकीच्या आधी एकदा जाऊन यायचं, रिकाम्या पोटी न राहता हलकं खायचं, आणि पोटात कळ उठायला लागली की शेवटच्या क्षणाची वाट न पाहता नर्सला सांगायचं. पंप थांबवून सोय करता येते. पण मण्यांमध्ये उभं राहिलेलं रक्त फार वेळ तसं ठेवता येत नाही, म्हणून दोन मिनिटं आधी सांगितलेलं बरं. आमच्याकडे पलंगाशेजारी पडदा आणि कमोडची खुर्ची आधीच लावलेली असते. तुमच्या रुग्णालयात नसेल तर पहिल्या बैठकीच्या आधी तुम्हीच मागून घ्या, तिला मागायला लावू नका.